जपानी उद्यानातील धबधबा : छायाचित्रण आणि संस्करण यांतील औचित्यविचार

१

छायाचित्र म्हणजे वस्तूची केवळ प्रतिकृती, ही समजूत आता फारशी कोणी बाळगीत नाही. तथापि तिच्या जागी जी दुसरी समजूत रूढ झाली आहे, तीही तितकीच उथळ आहे. चित्र टिपल्यानंतर त्यावर हवे ते संस्कार करावेत, दृश्य डोळ्यांना सुखवीत असले म्हणजे पुरे, असे ती सांगते. पहिल्या समजुतीने छायाचित्रकाराला यंत्राच्या पातळीवर आणले. दुसरीने त्याला चित्रकाराचे स्वातंत्र्य देऊ केले, पण चित्रकाराची जबाबदारी मात्र त्याच्यावर टाकली नाही. या दोहोंच्या मध्ये समीक्षेच्या हाती लागेल असा काही निकष आहे काय, याचा शोध घेण्यासाठी प्रस्तुत लेखात एकच मर्यादित विषय निवडला आहे. तो म्हणजे जपानी पद्धतीच्या उद्यानातील धबधब्याचे छायाचित्रण आणि त्याचे नंतरचे संस्करण.

हाच विषय निवडण्याचे कारण असे. डोंगरातील धबधबा ही निसर्गवस्तू आहे. तिची रचना छायाचित्रकाराने आपल्या चौकटीत प्रथमच करावयाची असते. उद्यानातील धबधबा मात्र अगोदरच रचलेला असतो. दगड कोणता, तो कोठे कलता ठेवावा, पाण्याची धार किती रुंद असावी, झाडाची फांदी कोठे आडवी यावी, हे सारे उद्यानकाराने ठरविलेले असते. म्हणजे छायाचित्रकारापुढे असते ती एक सिद्ध कलाकृती. त्याचे काम कवीपेक्षा भाष्यकाराच्या कामाला अधिक जवळचे आहे. भाष्यकाराला स्वातंत्र्य असते. परंतु मूळ पद्यातील शब्द बदलून त्यावर भाष्य करण्याची मुभा त्याला नसते.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. सुमारे १० एकरांचे हे उद्यान या शतकाच्या पहिल्या दशकात लोकांसाठी खुले झाले. त्याला पु. ल. देशपांडे यांचे नाव दिलेले आहे, आणि ‘पूर्वरंग’कारांचे नाव जपानी वळणाच्या बागेला मिळावे हे उचितच झाले. या बागेचा आदर्श म्हणजे जपानमधील ओकायामा शहराचे कोराकुएन उद्यान. सरदार इकेदा त्सुनामासा याच्या इच्छेवरून त्सुदा नागातादा याने १६८७ मध्ये ते घडविण्यास आरंभ केला आणि १७०० मध्ये ते पूर्णत्वास गेले. आसाही नदीचे पाणी तेथे ओहळांच्या रूपाने खेळविलेले आहे. पुण्याच्या बागेत हेच काम कालव्याचे पाणी करते.

हे कालव्याचे पाणी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुण्याचे हे उद्यान पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिलेले नसते; त्यांना ते छायाचित्रांतूनच भेटते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार हे गाव आहे. तेथील वाचकाचा विचार केला, तर जपानी बागेतला धबधबा त्याच्यापर्यंत येतो तो दिनदर्शिकेवरून, विवाहाच्या चित्रसंग्रहातून, अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून. हा मुलूख पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांचा. पाणी म्हणजे पाणीपाळी, ती कधी सुटेल आणि किती दिवस चालेल, हे येथील माणसाला नीट ठाऊक असते. अशा प्रेक्षकासमोर जेव्हा बारमाही, दुधासारख्या पाण्याचे चित्र ठेवले जाते, तेव्हा त्या चित्रातील सत्याचा प्रश्न केवळ कलाशास्त्राचा राहत नाही. म्हणून प्रस्तुत विवेचन याच प्रेक्षकाला समोर ठेवून केले आहे.

२

जपानी उद्यानकलेवरील सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ ‘साकुतेइकी’ हा अकराव्या शतकातील असून परंपरेने तो ताचिबाना नो तोशित्सुना (१०२८–१०९४) याच्या नावावर सांगितला जातो. या ग्रंथात धबधब्याला स्वतंत्र स्थान आहे. पाणी कोणत्या प्रकारे पडते यावरून धबधब्यांचे प्रकार त्यात वर्णिलेले आहेत. कोठे पाणी दगडाला चिकटून उतरते, कोठे दगडापासून सुटून झेप घेते, कोठे एका बाजूने येते, तर कोठे पायरीपायरीने. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दोन प्रकार विशेष महत्त्वाचे आहेत. एकाला ‘वस्त्रपात’ म्हणता येईल आणि दुसऱ्याला ‘सूत्रपात’.

वस्त्रपातासाठी माथ्याचा दगड गुळगुळीत निवडावयाचा, वरच्या बाजूला पाणी अडवून त्याचा वेग मंद करावयाचा आणि मग ते संथपणे सोडावयाचे. असे केले म्हणजे पाणी वाळत घातलेल्या वस्त्रासारखे सलग दिसते. सूत्रपाताची रीत याच्या उलट आहे. माथ्याचा दगड अनेक टोकांचा, खाचाखोचांचा निवडावयाचा, म्हणजे पाणी फुटून अनेक धाग्यांनी खाली येते. पाणी तेच, उंची तीच. केवळ माथ्याच्या दगडाच्या निवडीने दोन सर्वस्वी भिन्न रूपे सिद्ध होतात. वस्त्र की सूत्र, हा निर्णय उद्यानकाराचा असतो आणि तो त्याने दगडात लिहून ठेवलेला असतो.

याच ग्रंथातील आणखी दोन सूचना येथे उपयुक्त आहेत. धबधबा उघडावाघडा नसावा. पाणी दगडांच्या सांदीतून, काहीशा अंधारातून, नकळत बाहेर आल्यासारखे दिसावे, ही एक. धबधब्याचे तोंड चंद्राकडे असावे, म्हणजे पडत्या पाण्यावर चांदणे खेळेल, ही दुसरी. पहिल्या सूचनेत छायेचे मोल सांगितले आहे आणि दुसरीत वेळेचे. पुढील विवेचनात या दोन्हींचा पुन्हा संबंध येईल.

३

आता कॅमेऱ्याकडे वळू. उदाहरणादाखल दीड मीटर उंचीवरून पडणारी धार घेऊ. वरून सुटलेला पाण्याचा थेंब अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळात तळाशी पोहोचतो आणि त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर असतो. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरते उघडले, तर तळाजवळचा थेंब तेवढ्या अवधीत सुमारे एक सेंटिमीटर सरकतो. चित्रात तो काचेच्या मण्यासारखा गोठतो. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागापुरते उघडले, तर तोच थेंब सुमारे छत्तीस सेंटिमीटरांची रेघ ओढतो. धार धाग्यासारखी दिसू लागते. आणि फिल्टर लावून शटर पूर्ण दोन सेकंद उघडे ठेवले, तर एका चौकटीत तीन-चार पूर्ण पतनांचे पाणी एकावर एक साचते. त्या चित्रात कोणत्याच थेंबाचे वा धाग्याचे रूप उरत नाही. उरते ते एक सलग, पांढुरके, मऊ आवरण.

या आकडेमोडीतून समीक्षेला महत्त्वाचे असे एक तथ्य हाती येते. दोन सेकंदांचे छायाचित्र सूत्रपाताचा वस्त्रपात करते. उद्यानकाराने माथ्यावर टोकदार दगड शोधून आणून बसविला, तो पाण्याचे धागे व्हावेत म्हणून; छायाचित्रकाराने तो दगड हलविला नाही, पण त्याचे कार्य पुसून टाकले. उलटपक्षी अतिशीघ्र शटरनेही हेच होते, मात्र दुसऱ्या दिशेने. वस्त्रपाताचे सलगपण फोडून ते त्याचे मण्यांच्या राशीत रूपांतर करते. म्हणजे मंद शटर सौम्य व काव्यमय आणि शीघ्र शटर रुक्ष व वास्तव, हा जो भेद सर्रास केला जातो, तो निराधार आहे. कोणता वेग योग्य, याचे उत्तर सर्वसामान्य नियमात नसून समोरच्या धबधब्याच्या माथ्यावरील दगडात आहे.

येथे इतिहासाचा आधार घेतला पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील काचपट्ट्यांना प्रकाश अतिशय मंद गतीने उमटे. कार्लटन वॉटकिन्स याने १८६१ मध्ये अमेरिकेतील योसेमिटी दरीची जी विख्यात चित्रे घेतली, त्यांतील धबधबे धुक्यासारखे दिसतात ते या कारणामुळे. त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. आजच्या छायाचित्रकाराला सेकंदाच्या हजाराव्या भागापासून कित्येक मिनिटांपर्यंत हवा तो वेळ निवडता येतो. वॉटकिन्सचे धुके ही साधनाची मर्यादा होती. आजचे धुके ही आवड आहे. मर्यादेची समीक्षा करता येत नाही, आवडीची मात्र करावी लागते.

४

ही समीक्षा कोणत्या निकषाने करावी? मराठी वाचकाला सहज आठवेल तो बा. सी. मर्ढेकरांचा लयसिद्धान्त. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी संवेदनांची जी संघटना होते, तीत मर्ढेकरांनी सौंदर्य पाहिले. जपानी धबधब्याला हा सिद्धान्त चांगला लागू पडतो. स्थिर दगड आणि चंचल पाणी यांतील विरोध हा त्या रचनेचा प्राण आहे. दगडाच्या भेगा आणि धारेचे धागे यांत संवाद असतो. मोठ्या दगडाचा भार आणि भोवतालची रिकामी जागा यांत समतोल असतो. पाणी दुधाळ केले की विरोध दुर्बळ होतो, कारण पाण्याची चंचलताच नष्ट होते. दोन स्थिर वस्तू शेजारी उभ्या राहतात, एक कठीण आणि एक मऊ. लयीच्या दृष्टीने चित्र गरीब होते.

तथापि लयसिद्धान्ताने सर्व प्रश्न सुटत नाही. मूळ धबधब्याशी काहीही संबंध नसलेले चित्रही लयबद्ध असू शकते. आपला प्रश्न भाष्याच्या प्रामाणिकपणाचा आहे आणि त्यासाठी ‘औचित्य’ ही संकल्पना अधिक उपकारक ठरते. काश्मीरचा क्षेमेंद्र हा ‘साकुतेइकी’च्याच शतकातला. त्याने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्याची जी अनेक स्थाने सांगितली, त्यांत देश, काल आणि स्वभाव यांचाही समावेश आहे. काव्यासाठी सांगितलेली ही तीन स्थाने आपल्या विषयाला जणू मोजून घ्यावीत तशी बसतात. धारेचा स्वभाव काय, हे शटरच्या वेळेच्या संदर्भात वर पाहिलेच. काल आणि देश यांचा विचार संस्करणाच्या संदर्भात करावयाचा आहे. त्यापूर्वी एका आक्षेपाचे उत्तर देणे आवश्यक आहे.

आक्षेप असा की, चित्रकारांनी धबधब्याचे रूप मनःपूत बदलले, त्यांना आपण थोर म्हणतो. मग छायाचित्रकारावरच हे बंधन का? होकुसाइ याने १८३३ च्या सुमारास निरनिराळ्या प्रांतांतील आठ धबधब्यांची ठसेचित्रे केली. त्यांतले पाणी कोठे झाडाच्या मुळ्यांसारखे फुटते, कोठे निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारखे सरळ उतरते. हे प्रत्यक्षाला सोडून नाही काय? याचे उत्तर असे की, होकुसाइ प्रत्येक धबधब्याला निराळे रूप देतो. आठ धबधबे आठ स्वभावांचे आहेत आणि त्याने केलेली अतिशयोक्ती त्या त्या धबधब्याच्या स्वभावाची आहे. रूढ दुधाळ छायाचित्रात याच्या नेमके उलट घडते. आठ धबधबे एकाच स्वभावाचे होतात. दोष बदल करण्यात नसून सर्वांना एकच बदल लावण्यात आहे.

मारुयामा ओक्यो याचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १७७२ मध्ये त्याने धबधब्याचे साडेतीन मीटरांहून अधिक लांबीचे एक लंबचित्र रंगविले. ज्या मठाधिपतीसाठी ते केले, त्याच्या बागेत तळे होते पण धबधबा नव्हता. म्हणून हे चित्र झाडाला टांगून त्याचा खालचा भाग तळ्याकाठी सोडावा, अशी त्यामागील योजना होती असे सांगतात. येथे चित्र बागेचा भाग बनले. बागेने अर्धे वाक्य म्हटले होते, चित्राने ते पुरे केले. संस्करणाचा आदर्श म्हणून याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. पूर्ती करावी, प्रतिवाद करू नये.

५

आता संस्करणाचे विवेचन करू. छायाचित्रावर मागाहून केले जाणारे संस्कार मुख्यतः चार प्रकारचे असतात : छाया-प्रकाशाचे प्रमाण बदलणे, रंग बदलणे, चौकट कापणे आणि नको ती वस्तू काढणे किंवा नसलेली घालणे. यांपैकी एकही संस्कार आज नव्याने निघालेला नाही. जपानी उद्यानांच्या बाबतीत तर रंगाचा संस्कार छायाचित्रणाइतकाच जुना म्हणता येईल. १८६३ पासून जपानमध्ये काम करणारा फेलिचे बेआतो आणि त्याच्या नंतरचा योकोहामा येथील कुसाकाबे किम्बेइ यांच्या चित्रशाळांत जपानी कारागीर छायाचित्रांवर जलरंग चढवीत असत. परदेशी प्रवासी ती चित्रे आठवण म्हणून घेऊन जात. बागेची हिरवळ, पुलाचा लाल रंग, स्त्रियांची वस्त्रे हे सारे हाताने रंगविलेले असे. परंतु तो रंग वरून चढविलेला आहे हे पाहणाऱ्याला कळत असे आणि त्यामुळे फसवणूक होत नसे. आजचा रंगसंस्कार स्वतःला लपवितो. भेद हा आहे.

छायेचा संस्कार प्रथम घेऊ. पडते पाणी पांढरे असते, सांदीतला दगड काळा. दोन्ही एकाच चित्रात नीट यावेत म्हणून सांदी उजळण्याकडे संस्करणाचा कल असतो. तांत्रिकदृष्ट्या यात काही वावगे नाही. परंतु धबधबा अंधारातून नकळत यावा ही ‘साकुतेइकी’ची सूचना आठवली, म्हणजे या उजाळ्याचा अर्थ कळतो. उद्यानकाराने जे जाणून झाकले, ते छायाचित्रकाराने उघडे केले. तेथे दिसते काय? पाण्याची नळी, सिमेंटचा सांधा, फार तर ओला दगड. रहस्य जाते आणि हाती काही लागत नाही. म्हणून पांढऱ्या पाण्यातील पोत राखण्यासाठी प्रकाश आवरावा आणि सांदी काळीच राहू द्यावी, हे धोरण स्वभावौचित्याला धरून आहे.

रंगाचा संस्कार कालौचित्याचा प्रश्न उपस्थित करतो. पुण्यातील बाग आषाढात जशी हिरवी असते तशी फाल्गुनात नसते आणि वैशाखात तर नसतेच. संस्करणात हिरवा रंग गडद केला, पिवळा हिरव्याकडे झुकविला, की बाराही महिने श्रावण होतो. जपानी उद्यानाचे तत्त्व याला सरळ विरोधी आहे; तेथे वसंतातील मोहोर, शरदातील तांबडी पाने आणि हिवाळ्यातील उघड्या फांद्या यांना सारखेच मोल असते. पानगळीच्या पिवळ्या पानाला पुसून टाकणारे चित्र जपानी बागेचे राहत नाही, मग त्यात दगडी दिवा असला तरी. दगडावरील पाण्याची अनावश्यक चकाकी फिल्टरने कमी करणे हे मात्र निराळे. त्याने दगडाचा रंग बदलत नाही, तो प्रकट होतो. प्रकट करणे आणि चढविणे यांतील हा विवेक सर्व संस्करणाचा मूलमंत्र मानावा.

चौकट आणि वस्तू यांचा संस्कार देशौचित्याशी निगडित आहे. ओकायामाचे उद्यान असो की पुण्याचे, ते चालत पाहावयाचे उद्यान आहे. पावलागणिक दृश्य बदलते. छायाचित्र यांतले एक पाऊल निवडते आणि ती त्याची अटळ मर्यादा आहे. मात्र सूचनाफलक, कठडा, मागील इमारत आणि माणसे पुसून जे चित्र तयार होते, ते कोणत्याच गावाचे राहत नाही. चौकट अशी धरावी की फलक आत येणार नाही, हे कौशल्य. आत आलेला फलक खोडून त्या जागी झुडूप उगवावे, हे कौशल्य नव्हे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने नसलेला धबधबाही क्षणात चित्रात आणता येतो. त्यामुळे हा भेद पुसट न होता अधिक तीव्र झाला आहे. ओक्योने नसलेला धबधबा आणला तो एका विशिष्ट बागेसाठी, एका विशिष्ट तळ्याच्या काठी. यंत्राने आणलेला धबधबा कोठलाच नसतो.

६

येथे पुन्हा मराठवाड्यातील प्रेक्षकाकडे यावयाचे आहे. आपल्या बाजारगावांतील छायाचित्रशाळांत एके काळी रंगविलेले पडदे असत. त्यांवर बाग, जिना, तळे आणि पुष्कळदा धबधबाही असे. कुटुंबे त्यांपुढे उभी राहून चित्र काढून घेत. या पडद्यांची थट्टा करणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. पडदा हा पडदा आहे हे छायाचित्रकाराला, कुटुंबाला आणि चित्र पाहणाऱ्या नातेवाइकांना, सर्वांनाच ठाऊक होते. तो इच्छेचा उच्चार होता. त्याची जागा आता संगणकावरील पार्श्वभूमीने घेतली आहे आणि वधूवरांच्या मागे जपानी वळणाचा धबधबा वाहू लागला आहे. इच्छा तीच आहे. परंतु तिचा उच्चार आता साक्षीचे सोंग घेऊन येतो. चित्राने ‘असे असावे’ म्हणण्याऐवजी ‘असे होते’ म्हणावे, ही यातील खरी हानी आहे. पाण्यासाठी ज्यांना आकाशाकडे आणि कालव्याकडे पाहावे लागते, त्यांच्याशी तरी पाण्याच्या बाबतीत असत्य बोलू नये.

या प्रदेशाला धबधबा अपरिचित नाही. नांदेड आणि यवतमाळ या जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा नदी सहस्रकुंड येथे काळ्या कातळावरून कोसळते. पावसाळ्यात तेथे पाणी गढूळ, तांबूस आणि घनगंभीर असते. उन्हाळ्यात त्याच कातळावर केवळ काही धारा उरतात आणि खडकाची घडण उघडी पडते. पहिले दृश्य पाहण्यास लोक गर्दी करतात. दुसरे चित्रयोग्य मानले जात नाही. गढूळ पाणी संस्करणात पांढरे केले जाते आणि उघडा कातळ चौकटीबाहेर ठेवला जातो. आपली दृष्टी उसनी झाली आहे याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

गंमत अशी की, जिच्यापासून आपण हिरवा, दुधाळ धबधबा उसना घेतला असे समजतो, त्या जपानी परंपरेतच कोरड्या धबधब्याला मोठा मान आहे. क्योतो येथील साइहो-जी मंदिरात चौदाव्या शतकातील मुसो सोसेकी याच्या नावाशी निगडित अशी दगडांची उतरण आहे. तीत पाणी नाही आणि तरी ती धबधबाच आहे. सोळाव्या शतकातील दाइसेन-इन येथेही उभ्या दगडांतून धबधबा सुचविला असून पुढे पांढऱ्या वाळूचा प्रवाह आहे. पाणी नसताना धबधबा दिसावा, यासाठी दगडाची घडणच पुरेशी बोलकी असावी लागते. धबधब्याचे सत्त्व दगडात आहे, पाणी त्याचा केवळ उच्चार करते, हा या रचनांचा अर्थ आहे.

क्योतोचा कोरडा धबधबा चिंतनासाठी रचलेला आहे आणि मराठवाड्यातला कोरडा धबधबा अवर्षणाचा आहे, हा भेद विसरता येणार नाही. दुष्काळाला सौंदर्याचे नाव देणे क्रूरपणाचे होईल. परंतु कातळाकडे पाहण्याची जी शिस्त त्या परंपरेने दिली, ती आपल्याला परकी मानण्याचे कारण नाही. वैशाखातील सहस्रकुंडाचा कातळ, पावसाने घासलेल्या त्याच्या कडा, एखादी उरलेली धार, यांचे चित्र काळा रंग काळा ठेवून आणि पिवळे गवत पिवळे ठेवून कोणी घेतले, तर ते पुण्याच्या बागेतील शंभर दुधाळ धबधब्यांपेक्षा जपानी उद्यानकलेच्या अधिक जवळचे ठरेल आणि औंढ्याच्या किंवा जवळा बाजारच्या वाचकाला ते आपले वाटेल.

सारांश, धबधब्याच्या छायाचित्राची समीक्षा करताना तीन प्रश्न विचारावेत. धारेचा जो स्वभाव दगडाने ठरविला, तो शटरने राखला काय? ऋतू आणि प्रहर यांचा जो रंग होता, तो संस्करणाने प्रकट केला की वरून चढविला? आणि चित्र कोठले आहे हे चित्रावरून कळते काय? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर संस्करण किती केले हा प्रश्न गौण आहे. तशी ती नसतील, तर मुळीच संस्करण न केलेले चित्रही अनुचितच ठरेल.